दाखलनोंद क्रमांक १४३७-अ

१ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्यानंतर दहा दिवसांनी नागपूरच्या एका रुग्णालयाने खुशबू गुलाब शहारे, वय तीन वर्षे, हिला घरी सोडले. तिच्या कागदावर जिल्हा मात्र भंडाराच राहिला. डोळ्याच्या पडद्याच्या कर्करोगामुळे आधी डावा आणि मग उजवा, असे दोन्ही डोळे काढावे लागले होते. जीव वाचला होता. कागदावर पुढच्या तपासणीची तारीख होती. दोन तपासण्यांच्या मधल्या आयुष्यात या मुलीने काय करायचे, याला रकाना नव्हता.

खुशबूची आई कुसुमबाई कामठ्याजवळच्या एका वस्तीत बिड्या वळत असे. वडील गुलाब गोंदियाच्या राइस मिलमध्ये पोती वाहत. पहिली दोन वर्षे शेजारणी आपली मुले खुशबूपासून दूर ठेवत. रोग लागेल, हे कारण. कुसुमबाई विहिरीवर सर्वांदेखत म्हणाली, "लागत असता तं पयले मले नसता लागला? तिचं उष्टं मीच खातो." पुढे शेजारणी निवळल्या, आणि मग खरी अडचण सुरू झाली, कारण आता सगळे दयेने बोलू लागले.

खुशबू दिवसभर आईच्या मांडीला मांडी लावून बसे. सुपातले तेंदूपान बोटांनी चाचपे, जाड कोणते, फाटके कोणते ते सांगे. सात वर्षांची झाली तेव्हा तिने कोणी न शिकवता पंचवीस बिड्या वळल्या आणि दोऱ्याने बांधून आईच्या सुपात ठेवल्या. त्या दिवशी माल तपासायला बिडीचा सट्टेदार, म्हणजे पान-तंबाखू देऊन वळलेल्या बिड्या गोळा करणारा ठेकेदार, मुन्नालाल आला होता. त्याने छाट, म्हणजे नाकारण्याजोगी बिडी, शोधत गड्डी उलटीसुलटी करून पाहिली.

"कुसुमबाई, ये किसकी है? एक भी छाट नहीं निकली."

"पोरीची हाय."

"तो बिठा दे इसको. आँख का क्या काम है बिडी में? कल से पत्ता ज्यादा भेजता हूँ."

गुलाबचा चेहरा उजळला. त्याला वाटले, आपल्या माघारी पोरीच्या पोटाची सोय झाली. "अवं, बरोबर बोलून राहिले ते," तो म्हणाला. "नाही तं काय करन ते?"

कुसुमबाईने गड्डी घेतली, दोरा तोडला आणि एकेक बिडी उलगडून तंबाखू डब्यात परत ओतली. पंचवीसच्या पंचवीस.

"माहे हात गेले बिडीत," ती म्हणाली. "हिचे मी देत नाही. शाळेत जाईन ते."

दुसऱ्या दिवशी ती खुशबूला घेऊन शाळेत गेली. मुख्याध्यापक यादोराव गुरुजी वाईट माणूस नव्हते. त्यांनी पाणी विचारले आणि नकार दिला. फळा न दिसणाऱ्या मुलीला शिकवणारे शाळेत कोणी नव्हते; अंधांची शाळा दूर होती. "आणि त्या आजाराचं, बाई... बाकीचे पालक काय म्हणतील?"

"काय म्हणतील ते मले चार वर्षांपासून पाठ हाय, गुरुजी. तुमी तुमचं सांगा."

गुरुजींनी पुन्हा नकारच सांगितला. दूरच्या शाळेत तिला ठेवून तपासणीच्या दर खेपेला नागपूरला कोण नेणार, याचा त्यांनी विचार केला नव्हता.

बिडी वळणारीला कारखान्याची घंटा नसते. सूप मांडीवर घेतले की काम सुरू. ४ सप्टेंबर २००३ रोजी सकाळी कुसुमबाईने ते सूप शाळेच्या ओसरीत, पहिलीच्या खिडकीखाली मांडले. शेजारी खुशबू, कान आत. घोषणा नाही, अर्ज नाही. पाने कातरायची, तंबाखू भरायची, वळायचे. आतली मुले शिंकू लागली.

"शाळेत तंबाखू चालत नाही, बाई," गुरुजी खिडकीतून म्हणाले.

"मंग पोरगी आत घ्या. तंबाखू मी बाहेर नेतो."

"घरी का वळत नाही तुम्ही?"

"घरी तिले कविता आयकू येत नाही."

शाळेचे अकरा दिवस हे चालले. गुलाबने भाकरी आणून देताना पहिले तीन दिवस मान खाली ठेवली. चौथ्या दिवशी खाली पोते अंथरून तोही थोडा वेळ तिथेच बसला. अकराव्या दिवशी गुरुजी ओसरीत आले आणि म्हणाले, "ठीक आहे. आत येऊन बसू दे."

कुसुमबाई उठली नाही. "बसाले घर हाय तिचं. नाव लिहा रजिस्टरात. आन तपासणीले गेली का गैरहजेरी मांडायची नाही."

नाव लिहिले गेले. ब्रेल शिकवणारे फिरते शिक्षक दोन वर्षांनी येऊ लागले. तोवर खुशबू सगळे कानांनीच शिकली. २०१३ साली, लेखनिक घेऊन, ती दहावी उत्तीर्ण झाली. नंतरच्या वर्षांत चोरखमारा गावाकडच्या रुख्मा नावाच्या बाईच्या लेकीचा पाय हाडाच्या कर्करोगाने गेला, तेव्हा कुसुमबाई बसने तिच्या घरी गेली. रुख्मा रडत होती. कुसुमबाईने विचारले, "शाळेतून नाव काटलं का? काटू देऊ नको. रडणं मंग."

दाखल-रजिस्टरात १४३७ आणि १४३८ या क्रमांकांच्या मधे, वेगळ्या शाईत, १४३७-अ अशी नोंद आहे: शहारे खुशबू गुलाब, १७ सप्टेंबर २००३. अक्षर यादोराव गुरुजींच्या इतर नोंदींशी जुळत नाही. मुलीने खिडकीबाहेरून पाठ केलेल्या कविता ऐकून आपले मन बदलले, असे गुरुजी सांगत. कुसुमबाईच्या मते त्या आठवड्यात शाळेची तपासणी होती आणि ओसरीत बिड्या दिसायला नको होत्या, एवढेच कारण. शाळा-तपासणीचा कागद मिळालेला नाही. नोंद कोणी लिहिली, आणि लिहिणाऱ्याला कोणी सांगितले, हे अजून अज्ञात आहे.