मूळ मापाचं शिरस्त्राण

एर्मेस तोमासिनचं डोकं मोठं आहे, हे आमच्या अख्ख्या अक्विलेया गावाला माहीत आहे. सव्वीस वर्षं त्यानं चेर्विन्यानोची बस चालवली, पण खात्याची टोपी त्याला कधी बसली नाही. अशा माणसाला रोमन सैनिक व्हायचं वेड लागावं, हे त्याचं नशीब.

आमचं मंडळ दर जूनमध्ये दोन हजार वर्षांपूर्वीची पलटण गावातून चालवतं. पहिल्या रांगेत जायचं तर अंगावरची प्रत्येक वस्तू खोदकामात सापडलेल्या खऱ्या वस्तूसारखी हवी. नसेल तर मागे, पाण्याच्या गाढवगाडीबरोबर. मी तिथे खुशीनं असतो, कारण उन्हात ढाल धरायची मला हौस नाही. एर्मेस मात्र अकरा वर्षं नाइलाजानं होता.

तपासणी फेरुच्चोकडे. निवृत्त मास्तर, चणीनं बारीक, जिभेनं तिखट. एर्मेसनं हिंदुस्थानातून मागवलेलं स्वस्तातलं शिरस्त्राण त्यानं रिवेट पाहून परत केलं. दुसरं पाहून म्हणाला, "हे शंभर वर्षांनंतरचं. नातवाच्या लढाईला आलास काय?" तिसऱ्याला त्यानं टेप लावली. "मूळ वस्तूपेक्षा तीन सेंटिमीटर रुंद आहे. अरे, हे शिरस्त्राण की मक्याचा पोलेंटा शिजवायचं पातेलं?" सगळे हसले. मीही हसलो, त्याची मला लाज वाटते.

एर्मेसची आई इर्मा सत्त्याऐंशी वर्षांच्या, एका डोळ्यानं अधू. मिरवणूक बघणं त्यांनी केव्हाच सोडलं होतं. या हिवाळ्यात मात्र त्या म्हणाल्या, "यंदा पुढे असशील तर रस्त्याकडेला माझी खुर्ची टाक. पुढच्या वर्षीचं मी काही सांगत नाही."

एर्मेस संग्रहालयात गेला, मूळ शिरस्त्राणाची मापं लिहून घेतली आणि मला घेऊन मानियागोच्या दुइलिओ लोहाराकडे गेला.

"डोक्याचं माप द्या," दुइलिओ म्हणाला.

"माझ्या डोक्याचं काय करायचंय? या कागदावरचं माप घ्या. मिलिमीटर इकडचा तिकडे नको."

"आणि घालणार कोण?"

"आधी पास तर होऊ दे."

मी शेजारीच उभा होतो. वाटलं, यानं विचार केला असेल. एरवी माझं तोंड बंद नसतं, आणि नेमका त्या दिवशी मी गप्प बसलो.

मे महिन्यात ते पितळी शिरस्त्राण घरी आलं. इर्मांनी पीठ, मीठ आणि व्हिनेगर लावून तीन दिवस ते घासलं. एर्मेसनं ते न्हाणीघराचं दार लावून घालून पाहिलं. ते कपाळावरच अडकलं. त्यानं आतलं अस्तर काढलं, डोक्याचा गोटा केला, तरी तेच. "ठोकून वाढवलं तर चिरेल, आणि मापही जाईल," दुइलिओ फोनवर म्हणाला. आईला त्यानं यातलं काही सांगितलं नाही.

तपासणीच्या सकाळी फेरुच्चो ते शिरस्त्राण कितीतरी वेळ उलटंपालटं करत होता. "याला म्हणतात काम. घाल."

एर्मेस हलला नाही.

"घाल ना रे."

चाळीस जणांसमोर त्यानं ते डोक्यावर दाबलं. या वेळी कुणी हसलं नाही, तेच जास्त लागलं.

"असली वस्तू पेटीत ठेवणं म्हणजे पाप आहे," फेरुच्चो हळूच म्हणाला. "आजच्यापुरतं मी घालू?" त्याचे डोळे खरोखर पाणावले होते, त्यामुळे त्याला शिवीही घालता येईना. एर्मेसनं होकार दिला. फेरुच्चोला ते चपखल बसलं. हनुवटीखालची वादी एर्मेसनंच बांधून दिली.

इर्मांची खुर्ची चर्चच्या वळणावर होती. पहिली रांग आली. गालपट्ट्यांमधून प्रत्येकाचं नाकच काय ते दिसत होतं. आपण घासलेलं पितळ इर्मांनी एका डोळ्यानंही ओळखलं. काठी टेकत त्या उभ्या राहिल्या. "एर्मेस! तो माझा मुलगा," त्या शेजारच्यांना सांगत होत्या. बिचाऱ्या फेरुच्चोला काय कळणार? म्हातारीचा मान म्हणून त्यानं भाला उंचावला.

आम्ही वीस पावलं मागे होतो. एर्मेस गाढवाच्या पलीकडच्या बाजूला गेला आणि खुर्ची मागे पडेपर्यंत कमरेत वाकून चालला.

"तिला सांगू नकोस," तो म्हणाला.

संध्याकाळी मी त्याच्या घरी होतो. इर्मा तेलाची बाटली घेऊन आल्या. "एवढं वजन दिवसभर डोक्यावर. मान भरून आली असेल. बस इथे." एर्मेस स्टुलावर बसला. त्या चोळत राहिल्या, मध्येच विचारत राहिल्या, "इथे दुखतंय?" आणि तो प्रत्येक वेळी हो म्हणत राहिला.