वरचं पाणी

रविवारी सकाळी आठला, न्युरेम्बर्गमधल्या फ्राऊ हान यांच्या छोट्याशा कोरियन कॅफेत, वासंतीने पातेलं कलतं करून वरचं पाणी सिंकमध्ये ओतून दिलं. तळाशी बसलेला पांढराशुभ्र चीक बघून तिला बरं वाटलं. दाट, गुळगुळीत, एकही गुठळी नाही. पातेलं सरळ करता करता तिचा हात थांबला.

चीक कुरडयांना लागतो. शिखेला वरचं पाणी लागतं.

सिंकच्या जाळीवर थोडा फेस तेवढा उरला होता.

शिखे म्हणजे कोरियन लोकांचं भाताचं गोड, गार पेय. मोड आणून वाळवलेल्या सातूची भरड पाण्यात चोळायची, गाळायची, रात्रभर निवळू द्यायची. मग वरचं पाणी शिजवलेल्या भातावर घालून, उकळी न येऊ देता, पाच तास नुसतं गरम ठेवायचं. भात आपोआप गोड होतो आणि शितं हलकी होऊन वर तरंगतात. तरंगली की झालं. सगळी करामत त्या वरच्या पाण्यात. तळाचा चीक टाकून द्यायचा.

हे वासंतीला पाठ होतं. पण बार्शीला अहिल्यामावशीच्या अंगणात वीस उन्हाळे कुरडया घातलेला हात पाठांतर कशाला विचारतो?

पुण्यात ती एका पतपेढीत कारकून होती. जयंतला इकडे नोकरी लागली, तो रोज जवळच्या हेर्त्सोगेनआउराख गावी कामाला जायला लागला आणि वासंती घरी बसली. सहा वर्षं जर्मनच्या परीक्षा देत आणि खिडकीतल्या कुंड्यांना पाणी घालत. एका थंडीत ती या कॅफेत शिरली. इथला दालचिनी-आल्याचा गार काढा, सुजंग्वा, तिला ओळखीचा लागला. मिसुगारू तर सातूच्या पिठाचा भाऊच. सगळं आपल्यातलंच, म्हणत ती इथे कामाला राहिली. त्या 'आपल्यातलंच'नेच आज घात केला होता.

बुधवारी फ्राऊ हान यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. पुढे तीन महिने सक्तीची विश्रांती. पोरं मागतात ते स्ट्रॉबेरीचं दूध नि युजा लिंबाचा सोडा कुणीही करेल, पण जुनी पेयं बावीस वर्षं त्यांच्याशिवाय कुणी केली नव्हती. त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, "रविवारचं शिखे एकटीने करा. जमलं तर चावी तुमच्याकडे. नाही तर तीन महिने कुलूप."

आणि तो रविवार साधा नव्हता. पाचला कॅफेतच जुन्या गिऱ्हाईक फ्राऊ किम यांची सत्तरी होती. तीस पाहुणे.

रविवारची दुकानं बंद. फडताळात भरडीचं अर्धं पाकीट सापडलं. वासंतीने ती कोमट पाण्यात बोटं दुखेपर्यंत चोळली, जेमतेम दोन तास निवळू दिली आणि या वेळी पातेल्याला दोन्ही हातांनी धरून पाणी काढलं. भातावर घालून कुकर 'वॉर्म'वर ठेवला तेव्हा साडेदहा झाले होते.

दोनला जयंत आला.

"अहो, बर्फ आणलात?"

"आणला. टांकश्टेलेवरून. रविवारी पेट्रोलपंपाशिवाय दुसरं काय उघडं असतं? किती शितं वर आली?"

"एक."

"एक?"

"मोजून एक."

जयंतने झाकण उचलून आत पाहिलं. "साखर शेवटी घालायचीच असते ना? आल्झो, मग दोन मुठी जास्त घाल आणि मोकळी हो. कोणाला कळतंय?"

"ते तीस जण लहानपणापासून हे पीत आलेत. तुमच्या आईंना विकतचं पुरण घालून बघा, कळतं का ते."

"आईचा विषय कशाला?" जयंत हसला, पण साखरेचा डबा त्याने टेबलावर तिच्यापुढे आणून ठेवलाच. "बाई तीनला येतील. ठरव."

तो गेला. वासंतीने डब्याचं झाकण उघडलं. बंद केलं. पुन्हा उघडलं.

तीनला कुबड्यांचा आवाज आला. फ्राऊ हान यांनी कुकरमध्ये पाहिलं. सात-आठ शितं तरंगत होती. त्यांनी चमचा तोंडाला लावला आणि वासंतीकडे बघितलं.

"मी वरचं पाणी ओतून दिलं," वासंती म्हणाली. "तळाचं ठेवलं. आमच्या मावशीकडे कुरडयांना तळाचं ठेवतात. हे अर्ध्या पाकिटाचं आहे."

फ्राऊ हान यांनी कुकर बंद करायला लावला. फ्रिजमधून सुजंग्वाची बरणी काढायला लावली, ओमिजाच्या लाल फळांचं सरबत काढायला लावलं. पाचला पाहुणे आले. पहिलाच पेला हातात घेऊन फ्राऊ किम यांनी विचारलं, "शिखे?" फ्राऊ हान कोरियनमध्ये काहीतरी म्हणाल्या. तीसच्या तीस माना वासंतीकडे वळल्या. ट्रे हातात धरून ती तशीच उभी राहिली. कोणी हसलं नाही.

पाहुणे गेल्यावर फ्राऊ हान यांनी कुकरमधलं शिखे एका वाटीत घेतलं आणि उभ्या उभ्या संपवलं.

"पातळ. पण साखर घालून लपवलं नाहीत."

"घालावीशी वाटली होती."

"ते दिसतंय. डबा टेबलावर आहे." त्यांनी वाटी खाली ठेवली. "पाणी ओतलं कोणत्या हाताने?"

"उजव्या."

"सोमवारी संध्याकाळी नवीन भरड चोळून ठेवा. मंगळवारी सकाळी सातला माझ्यासमोर डाव्या हाताने ओता. त्याला मावशीच्या घरचं काही शिकवलेलं नसेल."

सोमवारी दिवसभर वासंती घरी पीठ कालवत होती आणि डाव्या हाताने ओतत होती. ओटा, फरशी, साडी, सगळं पांढरं झालं.

मंगळवारी फ्राऊ हान स्टुलावर बसल्या. वासंतीने डाव्या हाताने पातेलं उचललं. धार वाकडी पडत होती, पण पाणी भातावर पडत होतं. तळाचा चीक दिसू लागला तसा उजवा हात आपोआप पुढे आला. तिने तो एप्रनमागे धरला आणि पातेलं सिंकमध्ये उपडं केलं.

फ्राऊ हान उठल्या. चावी त्यांनी कुकरशेजारी ठेवली.

"पाच तास लागतील," कुबड्या सावरत त्या म्हणाल्या. "मी थांबत नाही."