माझ्या हातातून लेक सुटली तेव्हा

मंडळी, आज सकाळी डॉक्टरीणबाईंनी माझ्या खांद्यावरच्या जुन्या व्रणाबद्दल विचारलं आणि दिवसभर जीव थाऱ्यावर नाही.

सत्तरच्या दशकात आम्ही बदनापूरला राहायचो. माझा खांदा सारखा निखळायचा. एकदा लेकीला उचलतानाच निखळला आणि ती हातातून सुटली. खाली गोधडी होती म्हणून वाचली. मग तिला उचलायचीच भीती बसली. ती रडायची, मीही रडायचे.

"ऑपरेशन केलं तर खांदा निखळणार न्हाई, पण हात पुरता वर जाणार न्हाई, असं डॉक्टर म्हणून राह्यले," आमचे हे म्हणाले.

"न्हाई गेला तर न्हाई! मला माझं लेकरू उचलायचंय."

ऑपरेशन झालं. खांदा पुन्हा कधीच निखळला नाही. पण हात बांधलेला असेतोवर लेकीचं सगळं सासूबाईच बघायच्या. तीन महिन्यांनी मी हात पुढे केले, तर लेक त्यांनाच बिलगली.

तुम्हाला कधी स्वतःच्या लेकरानं परकं केलंय का?