पावसाच्या मापातलं मचूळ पाणी

नोकरीच्या शेवटच्या वर्षातला तो तपास आजही बारीकसारीक तपशिलांसकट आठवतो. ऑक्टोबर होता. गोराईतल्या एका शाळेच्या आवारात पर्जन्यमापक आहे. तिथले प्रयोगशाळा परिचर रोज सकाळी साडेआठला पाऊस मोजत आणि तो आकडा हवामानाच्या एका संकेतस्थळावर जाई. त्याच आकड्यावर मोबाइलच्या ॲपमध्ये सट्टा लागतो, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

एका सकाळी नोंद झाली पन्नास मिलिमीटर. कांदिवलीतल्या एका हरलेल्याने आमच्या पोलीस ठाण्यात फोन केला, "काल तिकडे थेंब पडला नाही. तो शिपाई सामील आहे!" खरंच, शेजारच्या कोळीवाड्यात वाळत घातलेले बोंबील कोरडे होते. शाळेने निलंबनाचं पत्र तयार ठेवलं. परिचरांच्या निवृत्तीला तीन महिने उरले होते.

मी जबाब घ्यायला गेलो.

"काका, पाऊस पडला होता का?"

"मी झोपलेलो, साहेब. भांड्यात होतं तेवढंच लिवलं. आभाळाचा जबाब आभाळाकडून घ्या ना!"

हवालदाराला हसू आवरेना. मोजलेल्या पाण्याचं काय करता, असं मी विचारलं.

"फेकत नाय. पोरांच्या प्रयोगाला ठेवतो."

त्यांनी कपाटातून तारखेची चिठ्ठी लावलेली बाटली काढली. मी थेंबभर जिभेवर घेतलं. मचूळ, विहिरीचं पाणी. लबाडी करणारा माणूस पुरावा असा चिठ्ठी लावून जपत नाही. मग हिशेब केला. मापकाचं तोंड दोनशे चौरस सेंटिमीटर, म्हणजे पन्नास मिलिमीटरला बरोबर एक लिटर पाणी. कुणीतरी लिटरची अख्खी बाटली मापकात उपडी केली होती.

शाळेला लागून असलेल्या बंगल्यात विहीर होती आणि आठवड्याभरासाठी उतरलेला एक भाडेकरू. त्याच्या फोनमध्ये ते ॲप मिळालं.

"पाणीच ओतलं ना, साहेब? कुणाच्या खिशात हात घातला मी?"

"खिशात नाही. शाळेतल्या त्या काकांच्या पस्तीस वर्षांच्या नोकरीत घातलास."

त्याने मान खाली घातली आणि सगळं कबूल केलं.

अशा ॲपना परवाना द्यावा की बंदी घालावी, यावर सध्या बरीच चर्चा चालते. माझं मत अजून पक्कं नाही. पण बोलणारे सगळे खेळणाऱ्यांबद्दल आणि ॲपवाल्यांबद्दल बोलतात. ज्याच्या आकड्यावर खेळ चालतो, त्या पंचाचं, गुणलेखकाचं, मापक बघणाऱ्याचं रक्षण कोण करणार, तेवढं आधी नियमात लिहा, एवढंच माझं म्हणणं.

परिचर सन्मानाने निवृत्त झाले. निरोप समारंभाला त्यांनी मलाही बोलावलं. आता काय करणार, मी विचारलं.

"काय नाय, साहेब. पाऊस आला की खिडकीत बसून बघणार. मोजणार नाय."