प्रेसचा दुसरा घाव

आमच्या कारखान्यात पत्रा कापणारा प्रेस एकदा खाली आला, वर गेला, आणि पायडलवर कुणाचा पाय नसताना पुन्हा धाडकन खाली आला. त्या दुसऱ्या घावाखाली प्रेसवर काम करणाऱ्या शालनताईंची बोटं चिरडली.

त्यांना दवाखान्यात नेल्यावर सुपरवायझर म्हणाले, "बाईंचाच पाय पडला असणार."

मशिनच्या दुरुस्तीचं काम माझं. राग आला होता, तरी मी मोबाइलवर एआयला घडलं तसं सगळं लिहिलं. उत्तर आलं: आधी वीज तोडा, मग घाव झाल्यावर क्लच सोडवून प्रेस थांबवणारी स्प्रिंग बघा, ती तुटली असेल तर पायडल सोडूनही घाव पुन्हा पडतो.

वीज तोडून प्रेस उघडला, तर स्प्रिंग तुटलेली. तुटल्या जागी गंज होता, म्हणजे तडा जुनाच. सुपरवायझरांनी ती पाहिली आणि मान फिरवली.

तेवढ्यात शालनताईंचा नवरा आला. कोपऱ्यातला घण उचलून तो प्रेसवर घालू लागला. ठिणग्या उडाल्या, झाकण फुटलं, त्याच्या तळहातातून रक्त आलं. कुणीही त्याला अडवलं नाही. मला वाटलं, बोटं चिरडताना या लोखंडाच्या मनात काही नव्हतं, आणि कारणाला कारण जोडत दोष शोधणाऱ्या मोबाइलमधल्या त्या बुद्धीलाही राग आला नाही. राग सगळा आम्हा माणसांच्याच वाट्याला आला होता.

दमून त्याने घण टाकला. "ती सारखी विचारतेय," तो म्हणाला, "माझाच पाय पडला का हो?"

"नाही, दादा. चला, मीच येऊन सांगतो त्यांना."