पेनाने खोडलेला हुद्दा

मुलाखतीला जाऊन समोरच्या कंपनीलाच नापास करून येणारा माणूस साऱ्या बडोद्यात एकच झाला, आणि तो म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. आतोबा मकरपुऱ्यात पंपांच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. दरवर्षी दिवाळी उलटली की ते इस्त्रीचा शर्ट घालून दोन-तीन ठिकाणी मुलाखती देत, बहुतेक ठिकाणी निवडले जात, आणि मग "आपल्याकडे माणसाच्या प्रगतीस वाव दिसला नाही, क्षमस्व" असे पोस्टकार्ड टाकून मोकळे होत. आत्या म्हणायची, "मला बघायला आले तेव्हाही हे माझ्याशी कमी आणि आमच्या मोलकरणीशी जास्त बोलले. ती अकरा वर्षं टिकली होती, म्हणून मी पसंत पडले."

मुलाखत दहाची असली की आतोबा नऊलाच फाटकासमोरच्या चहाच्या लारीवर, म्हणजे हातगाडीवर, हजर. कंपनीबद्दल खरे काय ते फाटकाच्या आत कधीच कळत नाही, असे त्यांचे मत होते. तिथे ते वॉचमनला चहा पाजून त्याच्या नोकरीची वर्षे आणि साहेबांचा पूर्वीचा हुद्दा विचारत, "काका, केटलां वरस थयां? अने साहेब पहेलां शुं हता?" आत गेल्यावर आपली उत्तरे भराभर उरकून साहेबांचे व्हिजिटिंग कार्ड मागून घेत आणि खिडकीच्या उजेडात धरून बघत. कार्ड कोरे करकरीत असले की त्यांचा चेहरा पडे. हुद्दा पेनाने खोडून वर नवा लिहिलेला असला, तर मात्र साहेबांपेक्षा त्यांनाच आनंद होई. "छापखाना मागे पडतो इतक्या बढत्या देतात, अशा ठिकाणी माणसानं जावं," ते म्हणत. अशी कार्डे त्यांना उभ्या आयुष्यात दोनच मिळाली. त्या दोन्ही कंपन्यांनी त्यांना घेतले नाही.

मी डिप्लोमा करून घरी बसलो होतो तेव्हाची गोष्ट. वडील गेलेले, आई कारेलीबागेत शिकवण्या घ्यायची आणि त्यावर घर चालायचे. मला नोकरी हवी होती, आणि लवकर हवी होती. आतोबांनी आपण होऊन माझी तयारी अंगावर घेतली. मशिनबद्दल त्यांनी मला एक अक्षर विचारले नाही. दोन प्रश्न तेवढे पाठ करून घेतले, तेही मी साहेबांना विचारायचे. या जागेवर आधी कोण होते आणि ते आता कुठे आहेत? तुमच्याकडचा सगळ्यांत जुना माणूस कोणत्या हुद्द्यावर लागला आणि आज कोणत्या हुद्द्यावर आहे? या दोन प्रश्नांपायी माझ्या दोन नोकऱ्या गेल्या. एके ठिकाणी तर आधीचा माणूस साहेबांचा जावई निघाला, आणि तो आता कुठे आहे हे साहेबांनाही ठाऊक नव्हते. आईने आतोबांशी बोलणे टाकले.

तिसरे बोलावणे आले ते थेट आतोबांच्याच कारखान्यातून. आईने देवापुढे साखर ठेवली. त्या सकाळी स्कूटरवर मागे बसवून आतोबांनी मला फाटकाशी सोडले आणि म्हणाले, "दोन्ही प्रश्न विचार. दुसरा तर नक्की."

"आतोबा, इथेसुद्धा?"

"इथेच."

मॅनेजरसाहेबांनी "बेसो, बेसो, तमे तो घरना माणस" म्हणत चहा मागवला. पहिल्या प्रश्नाचे उत्तर चांगले आले. आधीचा मुलगा सुपरवायझर झाला होता. दुसरा विचारला तेव्हा त्यांनी उचललेला कप परत बशीत ठेवला.

"सौथी जूना तो तमारा फुवा," ते म्हणाले. फुवा म्हणजे आतोबाच. "स्टोअरकीपर तरीके आव्या हता." पुढे थोडा वेळ ते पेपरवेट फिरवत राहिले. "बहु भला माणस छे."

सोमवारपासून रुजू व्हा, असे पत्र त्यांनी तिथेच दिले.

लारीवर आतोबा दोन चहा घेऊन उभे होते.

"विचारलंस?"

"हो. तुम्ही फार भले आहात म्हणाले."

"ते सोड. हुद्दा काय सांगितला?"

"स्टोअरकीपर म्हणून आलात, तेवढाच."

आतोबांनी चहावरची साय बोटाने बाजूला केली. "एकविसाव्या वर्षी त्याच खोलीत बसलो होतो मी. साहेबांनी विचारलं, तुम्हाला काही विचारायचंय? मी म्हटलं, नाही साहेब." मग म्हणाले, "आता हलायची भीती वाटते रे. कुठेही गेलो तरी तिथं माझीच खुर्ची मांडलेली दिसते. तू इथं येऊ नकोस. वहिनींना मी सांगतो."

त्यांनी खरेच सांगितले, आणि आई जे जे बोलली ते सारे उभ्याने ऐकून घेतले. मला त्यांचा इतका राग कधी आला नव्हता आणि इतकी मायाही कधी वाटली नव्हती. चार महिन्यांनी मला दुसरीकडे नोकरी लागली. त्या वर्षी दिवाळी उलटली तरी आतोबांनी शर्टाला इस्त्री केली नाही, आणि पुढेही ते कुठे मुलाखतीला गेले नाहीत.

तीन वर्षांनी मला पहिली बढती मिळाली. नवी कार्डे छापून यायची होती. मी जुन्या कार्डावरचा हुद्दा पेनाने खोडला, वर नवा लिहिला आणि आतोबांना नेऊन दिले. त्यांनी ते खिडकीच्या उजेडात धरले, बराच वेळ पाहिले, आणि शर्टाच्या खिशात ठेवले. आता त्यांना निवृत्त होऊनही बरीच वर्षे झाली. नंतरच्या बढत्यांची छापील कार्डे मी त्यांना दिली, ती त्यांनी आत्याच्या हाती सोपवली. ते एक कार्ड मात्र, आत्या सांगते, शर्ट बदलला की अजून नव्या शर्टाच्या खिशात जाते.