बाथचं गरम पाणी

सत्याऐंशी साली सासूबाई साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी आमच्याकडे कार्डिफला आल्या. हे तिथे डॉक्टर. ह्यांना हॉस्पिटलमधून मोठ्या मुश्किलीने एक शनिवार मोकळा मिळाला, तेव्हा आम्ही तिघं ट्रेनने बाथला गेलो.

रोमन लोकांनी बांधलेलं ते स्नानाचं कुंड उघड्या आभाळाखाली होतं. पाणी हिरवंगार, वर वाफ. सासूबाईंनी कोकणात गरम पाण्याची उन्हाळी पाहिली होती. त्यांना अगदी माहेरी आल्यासारखं झालं. त्या काठावर टेकल्या. मी पाटी वाचत होते. पाण्याला हात लावू नये, असं लिहिलं होतं. वळून बघते तर सासूबाईंनी ओंजळ भरून नाकाने पाणी ओढलेलं. सर्दीवर उपाय म्हणून घरी त्या रोज सकाळी तेच करायच्या.

हे धावत आले आणि त्यांचा हात खसकन ओढला. "आई, कळत नाही का तुला?"

लोक वळून बघू लागले. सासूबाईंनी पदराने तोंड पुसलं आणि एकट्याच दाराकडे चालू लागल्या.

त्या बाथरूमला गेल्या तेव्हा ह्यांनी मला हळूच सांगितलं, की अशा पाण्यात क्वचित एक जंतू असतो. नाकावाटे मेंदूत गेला तर माणूस हाती लागत नाही. बहुतेक काही होणार नाही, पण आठ-दहा दिवस लक्ष ठेव, तिला मात्र सांगू नकोस.

मग मी काहीतरी निमित्त काढून त्यांच्या कपाळाला हात लावायची. त्या शिंकल्या तरी मी हातातलं काम टाकून धावायची. हे घरी आले की आधी त्यांच्याकडे बघायचे.

चौथ्या दिवशी सकाळी त्या म्हणाल्या, डोकं ठणकतंय. मी वॉर्डवर फोन केला. हे तासाभरात आले. मान ताठरली आहे का बघायला आईला हनुवटी छातीला टेकवायला लावली. टेकली. ताप नव्हता. तरी ह्यांनी पुन्हा एकदा टेकवायला लावली.

"डोकं दुखणार नाही तर काय," सासूबाई भिंतीकडे बघत म्हणाल्या. "चार रात्री झोप नाही. परक्या लोकांत तुला माझी लाज वाटली."

हे त्यांच्या पायाशी कार्पेटवर बसले आणि सगळं सांगून टाकलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"जीव माझा," त्या म्हणाल्या, "आणि काळजी तुम्ही दोघांनी दाराआड करायची? तेव्हाच सांगायचं होतंस."

त्या दिवसापासून थर्मामीटर त्या स्वतःच लावायच्या आणि मला आकडा वाचायला सांगायच्या. भीती गेली नव्हती, पण आता ती तिघांची होती.

दहा दिवस ताप न येता गेले. अकराव्या दिवशी हे भरदुपारी घरी आले. सासूबाई टेबलाशी डाळ निवडत होत्या. ह्यांनी कोटही न काढता खुर्ची ओढली आणि खडे वेचायला लागले.